दोन सह्यांचे भाडेकरू

५ फेब्रुवारी, सोमवार

आज लिफ्टवाला भेटला! शेहेचाळीस वर्षांनी. पान एकतीस, उजवीकडचा रकाना, अगदी वर.

गेले होते चष्म्याची काडी बसवून घ्यायला. चष्मेवाला म्हणाला, अर्धा तास लागेल. समोरच वाचनालय होतं, म्हणून आत शिरले. चष्मा दुकानात ठेवून वाचनालयात जाणारी मीच एक! ग्रंथपाल बाईंना दया आली असावी, त्यांनी टेबलावरचं भिंग दिलं. खालच्या कप्प्यात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते, निळ्या कापडी पाठीचे. आमचंच मासिक. वासावरून ओळखलं असं लिहिणार होते, पण ते खोटं. नावावरूनच ओळखलं. वास मात्र तोच होता.

दर महिन्याला शेवटून तिसऱ्या पानावर 'एक रहिवासी' अशा सहीची गोष्ट यायची. लिफ्टवाला त्यातला पहिला. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये तो लिफ्ट थांबवतो. तिथे एक मजला आहे, बाहेरून मोजला तर सापडत नाही. बाकांवर माणसं बसलेली असतात, आपण कशासाठी घराबाहेर पडलो ते विसरलेली. ज्याला आठवेल त्याने घंटा वाजवायची, की हा येऊन घेऊन जातो. कुणाला घाई करत नाही.

चष्मेवाल्याकडे परत जायचं आहे हे दीड तासाने आठवलं. त्याने दुकान बंद केलं होतं. हे सगळं जुन्या चष्म्याने लिहिते आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

सभासद झाले. बांधीव खंड घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचे. ठीक आहे. जेवणाची सुट्टी पाऊण तासाची, डबा दहा मिनिटांत उरकतो. रोज एक गोष्ट. एकच. एका बैठकीत फडशा पाडायचा नाही असं स्वतःला बजावलंय.

आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये पॉलिशवाला विचारत होता, बाई, दुपारच्या कुठे गायब होता? म्हटलं, जुनी ओळखीची माणसं आहेत, त्यांना भेटून येते. यात खोटं काय आहे?

७ फेब्रुवारी, बुधवार

आज छत्रीवाली. ती मोडक्या छत्र्या दुरुस्त करते. तिच्या हातची छत्री पहिल्यांदा उघडली की आधीच्या मालकाचं बोलणं हळू आवाजात ऐकू येतं. सगळे बोलतात तसंच साधंसुधं — दूध आणायचंय, पाय दुखतोय, आज तिचं पत्र नाही. एक म्हातारा मुद्दाम एकच छत्री पाच वेळा मोडून आणतो. पाचव्यांदा ती त्याला नवी काडी घालून देते आणि म्हणते, आता मोडू नका, ही बाई दमली आहे बोलून.

भर वाचनालयात डोळे पुसले. ग्रंथपाल बाईंनी पंखा कमी केला. धुळीने होतंय असं वाटलं असेल.

या गोष्टींत राजे नव्हते, जंगलं नव्हती. जिने, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, बसथांबे. आपल्यासारखाच रस्ता, आणि त्यात एखादा माणूस भलतंच काहीतरी अगदी सहज करतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. ताई चौदाची, मी दहाची. अंक आला की जिन्याखाली बसून ती वाचायची, मी ऐकायची. मला वाचता येत होतं, पण ताई आवाज काढायची. लिफ्टवाल्याचा आवाज थोडा नाकातला. आज वाचतानाही नाकातलाच ऐकू आला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

हवालदार! कसा विसरले होते याला?

एका चौकात सकाळी तो दोन मिनिटं सगळी वाहनं थांबवतो. रस्त्यावर कुणीच नसतं. लोक हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. सावल्या ओलांडत असतात — ज्यांची माणसं पुढे निघून गेली आणि ज्या मागे राहिल्या, त्या. सगळ्या पलीकडे पोचल्या की हा हात खाली करतो.

आमच्या घरात तो मोरी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात राहायचा. हो, राहायचा. आमची एक वही होती, 'भाडेकरूंची नोंद'. गोष्टीत नवीन माणूस आला की त्याला घरात जागा द्यायची. लिफ्टवाला जिन्याखाली. छत्रीवाली दारामागे. हवालदार बोळात. भाडं नाही, फक्त नवा आला की जुन्यांनी थोडं सरकायचं. आणि एक नियम, ताईने घातलेला — दोघींच्या सह्या झाल्याशिवाय कुणाला घरात घ्यायचं नाही, आणि दोघींच्या सह्या झाल्याशिवाय कुणाला काढायचं नाही.

बाबा खांद्यावर पंचा टाकून अंघोळीला निघाले की मी बोळात हात आडवा करायची. "बाबा, थांबा, सावल्या जाताहेत." आणि बाबा थांबायचे! कामावर जायला उशीर होत असला तरी. आईची चिडचिड आतून ऐकू यायची. एकदा तर बाबांनीच विचारलं, आज फार आहेत का गं?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांना हवालदाराची गोष्ट सांगितली. हे म्हणाले, छान आहे, आणि मग, आपला गीझर बघायला माणूस कधी येणार आहे? तीस वर्षं झाली संसाराला. माणूस वाईट नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज नवीन बाई भेटली. अगदी नवीन! त्या महिन्याचा अंक आमच्याकडे आलाच नव्हता. पेपरवाल्याने चुकवला. ताई पंधरा दिवस त्याच्याशी भांडत होती, मग त्याने आमचं घरच टाळायला सुरुवात केली. तर शेहेचाळीस वर्षं एक भाडेकरू दाराबाहेर उभी होती म्हणायची.

ती पोस्टवाली आहे. पाडलेल्या घरांची पत्रं तिच्याकडे. बाकीचे पोस्टमन 'घर नाही' असा शेरा मारून पत्र परत पाठवतात, ते सगळं तिच्या पिशवीत येतं. ती त्या मोकळ्या जागेवर जाते, जिथे दार होतं तिथे उभी राहते आणि हवेत टकटक करते. पहिल्यांदा काही होत नाही. दुसऱ्यांदा आतून कुणीतरी खाकरतं. तिसऱ्यांदा दार उघडतं. पत्र आत जातं, दार बंद होतं, पुन्हा मोकळी जागा. सही घ्यायला ती कधी विसरत नाही. तिची जुनी सायकल, तिचे मोठे मोठे पाय, आणि कुत्र्यांशी बोलायची तिची पद्धत — वाचून संपलं तरी मी त्याच पानावर बसून होते. सुट्टी संपून वीस मिनिटं झाली होती.

लेखकाने हिचे दात सांगितलेले नाहीत. कुणाचेच सांगत नाही, तेवढी एक तक्रार. मी मनात हिला समोर फट दिली.

उठताना सवयीने वाटलं, ताईला सांगायला हवं. फोन हातात घेतलासुद्धा. अकरा वर्षं झाली आम्ही बोलत नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आई गेल्यावर घर पाडणार होते. बांधकामवाल्याने पंधरवडा दिला होता. ताई तेव्हा परगावी, लेकीकडे राहायची. मी एकटीने घर रिकामं केलं. मासिकांचे चार खोके रद्दीवाल्याला दिले. वहीही त्यातच होती. ताई आली तेव्हा भिंतीसुद्धा राहिल्या नव्हत्या. माझ्या घरी सगळ्यांसमोर तिने एवढंच विचारलं, "त्यांना कुणाला विचारून काढलंस?"

नातेवाइकांना वाटलं मासिकांबद्दल बोलते आहे. मामी म्हणाल्या, अगं रद्दीच ती. 'त्यांना' म्हणजे कुणाला ते खोलीत फक्त मला कळलं होतं. मी म्हटलं, वेळ नव्हता. ती गेली. पुढे ती इथेच गावात राहायला आली, पण लग्नकार्यात समोर आली तरी भिंतीकडे बघितल्यासारखी बघते.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दवाखान्यातून जबड्यांच्या प्लास्टरच्या साच्यांची पेटी आली. साच्यांवर नावं नसतात, नुसता नंबर आणि डॉक्टरांचा कागद. एक वरच्या जबड्याचा होता. समोरचे सहाच दात उरलेले. कागदावर — सहाही काढायचे आहेत, काढल्या दिवशीच कवळी बसवायची, म्हणून आधी करून द्या. रोजचंच काम. मी प्लास्टर घासायला घेतलं आणि थांबले. डावा सुळा आडवा वळलेला, आईसारखा. आणि समोरचा एक दात, कोपऱ्यात तुटका. तिरका कापल्यासारखा.

तो मीच तोडलाय.

बोळात मी हवालदार झाले होते. ताई धावत आली, मी हात आडवा केला, ती थांबली नाही, मीही हात काढला नाही. ती उंबऱ्यावर तोंडावर आपटली. आई धावत आली तेव्हा रक्ताच्या तोंडाने ताई म्हणाली, पाय घसरला. माझं नाव घेतलं नाही. पुढे कधीच घेतलं नाही. तिचं लग्न ठरताना दात नीट करून घ्या म्हणून सगळे मागे लागले होते, तिने ऐकलं नाही. म्हणाली, हा राहू दे.

तोंडं मी विसरते, दात विसरत नाही. आमच्याकडे हिरड्यांचं दुखणं आईकडून आलंय. साठाव्या वर्षी ताईचे दात चालले आणि मला ते डॉक्टरांच्या पेटीतून कळलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

कवळी आधी करायची तर साच्यावरचे दात कापून टाकावे लागतात. बारीक करवत असते. पाच कापले. सहावा, तो तुटका, दुपारपर्यंत तसाच ठेवला. मालकांनी दोनदा विचारलं. मग कापला. प्लास्टरचाच, पण तो तुकडा केराच्या डब्यात टाकवेना. रुमालात बांधून घरी आणलाय.

आता इथे खरं लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? वेळ नव्हता हे खोटं होतं. वेळ भरपूर होता. चार खोके माझ्या माळ्यावर आरामात मावले असते. मी ते रागाने दिले. तीन वर्षं आईचं सगळं मी केलं — औषधं, चादरी, डायपर, सगळं. ताई रोज फोनवरून सांगायची, आईला उन्हात बसव, आईला मऊ भात दे. एकदाही आठवडाभर येऊन राहिली नाही. रद्दीवाला खोके उचलत होता तेव्हा वर वही दिसली. मी बघितली. आणि म्हटलं, हेही न्या.

ताईला लागावं म्हणूनच केलं ते. लागलं. आता अकरा वर्षं मलाच लागतंय.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज मेणात दात लावले. कागदावर लिहिलंय, दात सरळ, एकसारखे, नेहमीचे. बाकीचे सगळे तसेच लावले. त्या एकाचा कोपरा घासायच्या चाकाखाली धरून तिरका उडवला. रुमालातला तुकडा शेजारी ठेवून दहादा ताडून पाहिला. अगदी तसाच झाला. इतकं चांगलं काम मी गेल्या दहा वर्षांत केलं नसेल.

पॉलिशवाल्याच्या नजरेतून सुटलं नाही. तो म्हणाला, बाई, हा दात फुटलाय. मी म्हटलं, फुटलेला नाही, केलाय. त्याने चहा आणून दिला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

कवळी गेली. लॅब कोणती ते डबीवर छापलेलं असतं, आणि मी इथे काम करते हे ताईला माहीत आहे. दात बघितला की तिला कळेल. न कळायला ती काय परकी आहे?

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

कवळी परत आली.

चिठ्ठी — 'समोरचा दात सदोष. असा दात चालणार नाही. त्वरित बदलून द्या.' मालकांनी सगळ्यांसमोर झाडलं. पंचवीस वर्षं काम करताय आणि फुटका दात लावून पाठवता? डोळे तपासून घ्या, नाहीतर घरी बसा. मान खाली घालून ऐकलं. त्यांचं काही चुकलं नाही.

पण 'चालणार नाही' कुणाला? डॉक्टरांना की ताईला? चिठ्ठीत तेवढं नाही. मला तर ताईचाच आवाज ऐकू आला. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, बाई, डॉक्टरांनी तिला दाखवलीसुद्धा नसेल. स्वतःला असं समजावता येत नाही.

दात काढला. नवा, अख्खा, सरळ लावला. तुटका रुमालात, त्या तुकड्याशेजारी.

२४ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयात जाऊन पोस्टवालीला पुन्हा भेटले. रोज एक नवी गोष्ट हा नियम आज मोडला.

दुसऱ्या टकटकीनंतर आतून कुणीतरी खाकरतं आणि दार उघडत नाही, तिथे एक वाक्य आहे. मागच्या वेळी घाईत निसटलं होतं. ती पिशवी खांद्यावर सारखी करते आणि स्वतःशी म्हणते, "माणसं आत असली की वेळ लागतोच." एवढंच. आणि पुन्हा हात उचलते.

फोन हातात घेतला ती पहिली, दात पाठवला ती दुसरी — आपली दुसरीच टकटक झाली आहे.

ग्रंथपाल बाईंकडून कोरा कागद मागितला. त्यावर वहीत लिहायचो तसंच लिहिलं.

नवीन भाडेकरू — पोस्टवाली. पाडलेल्या घरांची पत्रं पोचवते. चुकलेल्या अंकातली.
राहणार — ठरायचंय.
सही — (माझी केली).
सही — (रिकामी).

खाली आणखी एक ओळ. 'वेळ होता, ताई. रागाने दिलं.' माफी हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. तसाच खोडलेला राहू दिलाय.

२६ फेब्रुवारी, सोमवार

कवळीच्या डबीत तळाला कापूस असतो. कागद घडी करून त्याच्या खाली ठेवला. डॉक्टर कवळी उचलतात, कापूस नाही. डबी पेशंटबरोबर घरी जाते. कवळी घरी गेल्यावर रोज डबी धुवायची असते, तेव्हा कापूस काढावाच लागतो. मालकांनी या वेळी स्वतः तपासली. दातांचं कौतुक केलं. डबी गेली.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. आज ताईचे दात काढले असतील. दुखत असेल. तिला लहानपणापासून सुईची भीती.

४ मार्च, सोमवार

काही नाही. खंडातली शेवटची गोष्ट वाचून संपली. गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी मोजणारा एक म्हातारा. मोजताना एक शर्ट नेहमी जास्त भरतो, आणि तो कुणाचा हे विचारायला कुणीच वर येत नाही. गोड माणूस. पण आज एकटीने भेटण्यात मजा नव्हती. नाकातला आवाज काढून कोण वाचणार?

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, पुढचा खंड काढून ठेवू का? म्हटलं, थांबा जरा.

५ मार्च, मंगळवार

पॉलिशवाल्याने न विचारता सांगितलं — बाई, कवळी एकदा तरी परत येतेच. हिरडीची सूज उतरली की सैल होते, घासते, टोचते. आपल्याकडून घासून न्यावीच लागते. पंचवीस वर्षं हे मीच नवीन पोरांना शिकवतेय! आज पहिल्यांदा मला कुणी सांगितलं.

७ मार्च, गुरुवार

डबी आली. कागदावर — 'डाव्या बाजूला टोचते, घासून द्या.' मी कवळी बाजूला ठेवली आणि आधी कापूस काढला. माझा कागद नव्हता. दुसराच होता, पिवळा पडलेला, रेघांचा, चार घड्या घातलेला.

आमच्या वहीचं पान. वर माझं दहाव्या वर्षीचं अक्षर — लिफ्टवाला, राहणार जिन्याखाली. दोन सह्या. छत्रीवाली, दोन सह्या. हवालदार, दोन सह्या. आणि तळाला ताज्या निळ्या शाईत — पोस्टवाली, राहणार जिन्याखाली, लिफ्टवाल्याला सरकायला सांग. एक सही ताईची. शेजारी जागा रिकामी.

मागच्या बाजूला — 'रद्दीवाला शोधून काढला होता. मासिकं गेली होती, वही मिळाली. मीसुद्धा रागानेच गप्प बसले. यायला हवं होतं मी, आईकडे. सही करायला घरी ये. आणि डॉक्टरांनी परत पाठवलेला माझा दात आण, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे.'

अकरा वर्षं सगळे तिच्याकडेच होते!

मालकांना म्हटलं, ही कवळी मी स्वतः पोचवते. अर्धा दिवस रजा टाकली.